देवाचे राज्य: आलेले की यायचे? आगमनकाळातल्या चार बुधवारांची आखणी

मार्कंडेय (धागाकर्ता)

आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार आठवड्यांत) चार बुधवारी संध्याकाळी, दर वेळी सव्वा तास, 'देवाचे राज्य' या विषयावर बायबल अभ्यास ठेवायचा आहे. जागा बेळगाव शहरातच. येणारे तीसेक जण. बहुतेक मराठी मेथडिस्ट, खानापूर-नंदगड भागातली काही कॅथलिक कुटुंबं, दोन-तीन ब्रदरन (मेथडिस्टांसारखाच एक प्रोटेस्टंट पंथ). तरुण मुलं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमातली. मराठी झकास बोलतात, वाचताना अडखळतात.

राज्य आलंय म्हणणारी वचनं आहेत आणि यायचंय म्हणणारीही आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वर्गात त्याचं 'थोडं आलंय, थोडं राहिलंय' असं मिळमिळीत उत्तर होतं आणि मंडळी चहाला उठतात. कोणती वचनं घ्यावीत, कोणत्या क्रमाने, आणि गाडी कुठे अडते, तेवढं जाणकारांनी सांगावं. अनुभवाच्या साक्षी नकोत, मजकूर हवा.

जांबोटी

सुरुवात मत्तय ५:३-१० पासून करा. आठ धन्यवचनं एका पानावर मोठ्या टायपात छापा आणि दोन रंगांच्या पेन्सिली द्या. 'आहे' अशा क्रियापदाखाली निळी रेघ, 'होईल, मिळेल, पाहतील' अशांखाली लाल. दहा मिनिटं पुरतात. पहिलं आणि आठवं वचन निळं निघतं: 'स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे.' मधली सहाच्या सहा लाल. राज्य आज त्यांचं आहे, आणि सांत्वन, पृथ्वीचं वतन, देवाचं दर्शन पुढे आहे. माणसं तीच. शोक करणाऱ्याला कोणी वेगळ्या रांगेत बसवलेलं नाही.

लगेच मार्क १०:१५ काढा. बालकासारखं राज्य स्वीकारणार नाही त्याचा त्यात प्रवेश होणार नाही. स्वीकारायचं आज, प्रवेश पुढे, आणि दोन्ही एकाच वाक्यात. 'थोडं-थोडं'वाली वाटणी इथेच मोडते. अर्धं राज्य स्वीकारून उरलेल्या अर्ध्यात प्रवेश करायचा, असं ते वाक्य म्हणतच नाही.

फळ्यावर 'आलेले / येणारे' असे दोन रकाने आखून वचनं त्यात टाकायला सांगण्याची पद्धत सगळीकडे आहे. ती करू नका. पंधरा मिनिटांत रकाने भरतात आणि पुढचा तासभर कोणता रकाना जड यावर वाद चालतो.

कणबर्गी

जांबोटींशी सहमत, पण पहिला बुधवार जुन्या कराराशिवाय जाऊ देऊ नका. नाहीतर मार्क १:१५ मधली येशूची 'देवाचे राज्य जवळ आले आहे' ही घोषणा आकाशातून पडल्यासारखी वाटते. ऐकणाऱ्यांना तो विषय नवा नव्हता. निदान एवढं घ्या:

स्तोत्र ९३, ९७, ९९. परमेश्वर राज्य करतो. म्हणजे तो राजा आहेच, कालही होता.
यशया ५२:७. डोंगरावरून धावत येणारा दूत सियोनेला सांगतो की तुझा देव राज्य करीत आहे. बंदिवासातल्या लोकांना हे सांगावं लागतं, कारण डोळ्यांना उलटंच दिसतंय.
दानीएल २:४४ आणि ७:१३-१४. कधीही नष्ट न होणारं राज्य, आणि ते ज्याला दिलं जातं तो मानवपुत्रासारखा.

देव राजा आहे आणि तरी त्याचं राज्य यायचं आहे, हा ताण येशूच्या आधीपासूनचा. यहुद्यांच्या कद्दीश प्रार्थनेतही देवाने आपलं राज्य तुमच्या आयुष्यात, तुमच्या दिवसांत स्थापावं अशी मागणी आहे. 'तुझे राज्य येवो' तिच्या शेजारी ठेवून वाचलं की येशूने नवं काय आणलं ते दिसतं. तो नुसती मागणी शिकवत नाही, काळाची पूर्णता झाली म्हणून जाहीर करतो.

त्या काळचा समज सरळ होता: हे युग संपेल, मग येणारं युग सुरू होईल. एकामागून एक. नव्या कराराचं म्हणणं असं की येणारं युग आधीच सुरू झालं आणि हे युग अजून संपलेलं नाही. दोन्ही काही काळ एकमेकांवर चढलेली आहेत. इब्री ६:५ मध्ये विश्वासणाऱ्यांनी येणाऱ्या युगाच्या सामर्थ्याची रुची घेतली आहे असं म्हटलंय ते याच अर्थाने. फळ्यावर दोन लांब रेघा काढा, एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीवर चढवा. आकृती एवढीच. जास्त सजवू नका.

घटप्रभा

'आलंय' यासाठी सगळ्यात भक्कम वचन मत्तय १२:२८. मी देवाच्या आत्म्याने भुतं काढतो तर देवाचं राज्य तुमच्यावर आलं आहे. लूक ११:२० मध्ये आत्म्याच्या जागी 'देवाचे बोट' आहे. निर्गम ८:१९ मधले मिसरी जादूगार हेच म्हणतात. मार्क १:१५ मधल्या 'जवळ आले आहे' वर अभ्यासक अजून भांडतात. मत्तय १२:२८ वर भांडायला फारशी जागा नाही.

लूक १७:२०-२१ मात्र जपून वापरा. 'राज्य तुमच्या अंतःकरणात आहे' असं सांगून बरेच उपदेशक मोकळे होतात. ऐकणारे कोण आहेत ते बघा की! परूशी, येशूला विरोध करणारे कडवे यहुदी. त्यांच्या अंतःकरणात राज्य आहे असं येशू कशाला सांगेल? राजा त्यांच्यासमोर उभा आहे आणि ते विचारतात कधी येणार, हा तिथला रोख. आपल्या सीमाभागात राज्य म्हटलं की पोरांना आधी नकाशाच आठवतो. 'येथे आहे, तेथे आहे' असं म्हणता येणार नाही हे त्याच वचनात आहे, ते आवर्जून वाचून घ्या. हद्द नाही म्हणून राज्यच नाही असं होत नाही. राजाची सत्ता जिथे चालते तिथे ते आहे.

नंदगडकर

दुसऱ्या बुधवारी दाखले घ्याल असं धरतो. मत्तय १३ मध्ये सात आहेत. सातही घेऊ नका. निदण (तण), मोहरी, खमीर एवढे तीन, आणि सोबत मार्क ४:२६-२९ मधलं आपोआप वाढणारं बी.

खमीर: स्त्रीने ते तीन मापं पिठात लपवलं. एक माप साधारण १३ लिटर, म्हणजे ३९ लिटर पीठ, वजनात वीस किलोच्या वर. घरच्या भाकरीचं हे प्रमाण नाही, गावजेवणाचं आहे. उत्पत्ती १८:६ मध्ये सारा पाहुण्यांसाठी एवढंच पीठ मळते. दाखल्याचा जोर 'लपवलं' आणि 'सगळं फुगलं' या दोन टोकांवर आहे. हळूहळू जग सुधारत जाईल असा अर्थ त्यातून काढणारे मधल्या वेळेवर बोलतात. मधल्या वेळेवर दाखला गप्प आहे.

मोहरी: फांद्यांवर पाखरं बसतात ते यहेज्केल १७:२३ मधून येतं. तिथे देव गंधसरूची कोवळी डहाळी उंच डोंगरावर लावतो. ऐकणारे गंधसरूची वाट बघत होते, येशूने भाजीच्या वाफ्यातलं झाड पुढे केलं. यात थोडी थट्टाही आहे, ती घालवू नका.

निदण: गव्हात तण दिसतं, तरी मालक कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या म्हणतो. आपल्याकडे वर्ग हमखास इथे अडतो. शेतकरी माणूस म्हणतो, हा मालक कसला, भांगलण करू नको म्हणतो! खानापूर भागात धूळवाफ पेरणीच्या भातात गवत भातापेक्षा जोरात येतं. वेळेवर भांगललं नाही तर पीक गेलंच. प्रश्न रास्त आहे. उत्तर १३:२६ मध्ये आहे: दाणे धरू लागले तेव्हा निदण दिसलं. पॅलेस्टाईनमधलं ते गवत कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखं असतं, ओंब्या आल्यावरच ओळखू येतं. तोवर मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. भांगलणीची वेळ टळून गेली आहे आणि आता उपटाल तर गहूही येईल, एवढंच मालक म्हणतो. हे नीट सांगितलं की शेतकरी खूश होतो आणि दाखलाही कळतो: राज्य आलं तरी निवाडा लगेच का होत नाही?

याच ठिकाणची दुसरी चूक. 'शेत म्हणजे मंडळी, म्हणून मंडळीत कुणाला काही बोलू नये.' येशूने अर्थ स्वतः दिलाय: शेत म्हणजे जग (१३:३८). मंडळीतल्या शिस्तीसाठी मत्तय १८:१५-१७ वेगळं आहे.

सिस्टर_नाही_ताई

कॅथलिक कुटुंबं येणार आहेत तर थोडी भर. आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो. ११ वे पायस यांनी तो १९२५ साली सुरू केला, तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारित पंचांगात तो उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी आला. त्यामुळे वर्ष संपतं ते राजावर आणि सुरू होतं ते त्याच राजाची वाट बघण्यावर. शिवाय १६ डिसेंबरपर्यंतचा आगमनकाळ ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याकडे लक्ष लावतो, १७ ते २४ हे दिवस जन्मोत्सवाच्या तयारीचे. अण्णा, तुमचे पहिले दोन बुधवार बहुतेक पहिल्या भागातच पडतील. सगळीकडे नाताळची गाणी सुरू असताना मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, जगाच्या अंताची वाचनं का, हे कॅथलिक मुलांनाही माहीत नसतं. ते सांगितलंत तर आमच्याकडचे लोक दुवा देतील.

चर्च म्हणजेच राज्य, असं आम्ही मानतो अशी समजूत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चविषयक घटनापत्रात (१९६४, कलम ५) चर्चला पृथ्वीवरच्या राज्याचं बीज आणि प्रारंभ म्हटलंय. बीज आणि पीक एकच असतं तर 'तुझे राज्य येवो' रोज म्हणायची गरजच उरली नसती.

रामतीर्थ

सगळं छान चाललंय, पण प्रकटीकरण २० कुणी काढलंच नाही. ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य लिहिलंय तर ते आहे. प्रेषितांनी 'प्रेषितांची कृत्ये' १:६ मध्ये 'इस्राएलाचे राज्य ह्याच काळात पुनःस्थापित करणार काय' असं विचारलं तेव्हा येशूने प्रश्न चुकीचा आहे असं म्हटलं नाही, फक्त काळवेळ सांगायला नकार दिला. भविष्यातलं राज्य पृथ्वीवरचं, दिसणारं आहे. ते पातळ करून 'मनात शांती' एवढ्यावर आणू नये.

कणबर्गी

रामतीर्थ, दिसणारं आणि पृथ्वीवरचं याला इथे कुणाचा विरोध नसावा. प्रकटी २१ मध्ये नवं यरुशलेम खाली उतरतं, माणसं वर जात नाहीत. वाद हजार वर्षांच्या जागेचा आहे. तिसऱ्या बुधवारी त्याला वीस मिनिटं द्या, घड्याळ लावून. तीन मतं:

ख्रिस्त आधी येईल, मग हजार वर्षं. जस्टिन मार्टर आणि आयरेनियस यांचं असंच मत होतं, म्हणजे हे दुसऱ्या शतकापासूनचं आहे.
हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या येण्यामधला मंडळीचा काळ. ऑगस्टीनने ते रुजवलं. कॅथलिक आणि अनेक जुने प्रोटेस्टंट प्रवाह त्याच वळणावर आहेत.
सुवार्तेने जग बदलत जाऊन मग ख्रिस्त येईल. १९व्या शतकातल्या मिशनऱ्यांत हे मत जोरात होतं, पहिल्या महायुद्धानंतर ओसरलं.

पहिलं मत मानायचं म्हणजे 'यहुद्यांनी येशूला नाकारल्यामुळे राज्य पुढे ढकललं गेलंय' असंही मानायचं, हा गैरसमज. तो धागा १९व्या शतकात जॉन डार्बी या ब्रदरन नेत्यापासून आला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून पसरला. जॉर्ज लॅड हा अमेरिकन अभ्यासक हजार वर्षांच्या आधी ख्रिस्त येणार असंच मानायचा, आणि राज्य येशूत आलेलं आहे हेही तितक्याच ठामपणे मांडायचा. तुमच्या ब्रदरन पाहुण्यांना हे आधी सांगा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

तारखांचा विषय निघेलच. मार्क १३:३२ (तो दिवस कुणालाच ठाऊक नाही) वाचा आणि २२ ऑक्टोबर १८४४ सांगा. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी त्या दिवशी ख्रिस्त येणार म्हणून वाट पाहिली. काहींनी उभी पिकं शेतात तशीच सोडली होती. पाच मिनिटांच्या वर नको.

घटप्रभा

अवघड वचन कुणीतरी विचारणारच: मार्क ९:१. इथे उभ्या असलेल्यांपैकी काही जण राज्य सामर्थ्याने आलेलं पाहीपर्यंत मरणार नाहीत. टाळू नका. टाळलं की मुलं रात्री मोबाईलवर शोधतात आणि पुढच्या बुधवारी उत्तर घेऊनच येतात. चार वाटा आहेत: पुढच्याच वचनात सहा दिवसांनंतरचं येशूचं तेजस्वी रूपांतर आहे ते, पुनरुत्थान आणि पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो दिवस), इ. स. ७० मधला यरुशलेमचा नाश. आणि अल्बर्ट श्वाइट्झर या अभ्यासकाची वाट, की येशूची अपेक्षा चुकली. श्वाइट्झरने १९०६ साली राज्य पूर्णपणे भविष्यातलं ठरवलं, ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये उलट टोक धरलं की ते येऊन चुकलं. दोघांनाही अर्धी वचनं बाजूला ठेवावी लागली. माझा कौल रूपांतराला, पण ते येणाऱ्या सगळ्याची आगाऊ झलक म्हणून.

अनगोळ_१२

तिसऱ्या बुधवारात सेवाकार्याचा मुद्दा घालता येईल का? लूक ४:१८-१९ (दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका). शाळा, दवाखाने हे राज्य बांधणंच आहे ना? लंडन मिशन बेळगावात १८२० साली आलं ते शाळा घेऊनच. आणि ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला तो भजन-कीर्तनाच्या अंगाने, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही सामावून. हेही राज्यच की.

जांबोटी

घाला, पण 'बांधणे' हे क्रियापद सोडा. शुभवर्तमानात राज्याबरोबर येणारी क्रियापदं काढून बघा: स्वीकारणे, प्रवेश करणे (मार्क १०:१५), शोधणे (मत्तय ६:३३), वतन मिळणे (मत्तय २५:३४), घोषणा करणे (लूक ९:२). राज्य बांधा असं येशू कुठेही सांगत नाही. ते देव आणतो. बांधायचं ठरलं की त्याचा अहवाल होतो, आकडे येतात, आणि निधी आटला की राज्यही आटलं असं वाटू लागतं.

लूक ४ मध्ये येशू यशया ६१ वाचतो आणि 'प्रभूचे कृपावर्ष' इथे थांबतो. यशयात त्याच वचनात पुढे 'आमच्या देवाच्या सूडाचा दिवस' आहे, तो वाचत नाही. ग्रंथपट गुंडाळून सेवकाला देतो. आलेलं राज्य आणि यायचं राज्य यांमधली जागा त्या थांबण्यात आहे. त्याला जोडून मत्तय ११:२-६ घ्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येणारा ख्रिस्त कुऱ्हाड आणि अग्नी घेऊन येईल असं सांगितलं होतं, आणि आता तो तुरुंगात बसून विचारतोय की तो तूच ना. येशू आंधळे, पांगळे, दीन यांची यादी देतो. तुरुंगाचं दार उघडण्याबद्दल एक शब्द नाही.

अनगोळ_१२

मग कलस्सै ४:११ मधले 'देवाच्या राज्यासाठी सहकारी' कोण?

जांबोटी

बरोबर हाणलंत. तेही घ्या, आणि १ करिंथ १५:५८ ही: श्रम व्यर्थ नाहीत, असं पुनरुत्थानाच्या अध्यायाच्या शेवटी आहे. श्रम आहेत, सहकारी आहेत. बांधकामाचा ठेका तेवढा आपल्याकडे नाही.

नंदगडकर

चौथ्या बुधवारासाठी: एकाच टोकाला धरल्याने काय बिघडतं ते नव्या करारातूनच दाखवा, आजच्या कुणाकडे बोट नको. 'सगळं आत्ताच' म्हणणारे तेव्हाही होते. करिंथकर आधीच तृप्त झाले, राजे झाले, म्हणून पौल टोमणा मारतो (१ करिंथ ४:८). हुमनाय आणि फिलेत पुनरुत्थान होऊन गेलं म्हणत (२ तीमथ्य २:१७-१८). बरं होण्याच्या सभांना जाणारी माणसं वर्गात असतातच. त्यांच्यापुढे पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवलं (२ तीमथ्य ४:२०) हे वचन आणि मत्तय १२:२८ दोन्ही ठेवा. पौलाचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणायला धजत नाही, आणि देव आज बरं करतच नाही असंही म्हणता येत नाही.

उलट टोक अंत्यविधीत दिसतं. सगळं बोलणं 'वर गेले' इथे संपतं. विश्वासांगिकारात (उपासनेत म्हणतो त्या श्रद्धेच्या कबुलीत) मात्र आपण शरीराचं पुनरुत्थान म्हणतो. १ करिंथ १५:२४-२८ मोठ्याने वाचून घ्या: शेवटचा शत्रू मरण, तो नाहीसा होतो, मग पुत्र राज्य पित्याच्या हाती देतो. मरण अजून आहे म्हणजे राज्य अजून पूर्ण आलेलं नाही. घरात नुकतं कुणी गेलेल्याला हे धरून ठेवता येतं.

सिस्टर_नाही_ताई

ऑस्कर कुलमान या धर्मशास्त्रज्ञाचा दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीचा दाखला (६ जून १९४४ ला निर्णायक लढाई, ८ मे १९४५ ला विजय; तसंच राज्याचा निर्णय झाला, पूर्ती यायची) पुस्तकात बरा. इथे मुलांना ती तारीख समजावण्यातच दहा मिनिटं जातील. त्यापेक्षा पौलाचाच घ्या. इफिस १:१४ मध्ये पवित्र आत्मा हा वतनाचा विसार आहे. जमिनीच्या व्यवहारातली इसार पावती निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना माहीत. फक्त एक सावधगिरी: आपल्याकडे इसार देऊन व्यवहार मोडणारेही असतात, तेव्हा इथे देणारा कोण आहे ते आधी सांगा.

मार्कंडेय

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. पहिला बुधवार: स्तोत्र, यशया, दानीएल, दोन रेघा, मग पेन्सिली. दुसरा: मत्तय १२:२८ आणि तीन दाखले. तिसरा: लूक ४, योहानाचा प्रश्न, क्रियापदं, हजार वर्षं. चौथा: नंदगडकरांची यादी आणि १ करिंथ १५. मार्क ९:१ कुठे बसवू? आणि रामतीर्थ, त्या वीस मिनिटांतली पहिली सात तुम्हीच घ्याल का?

घटप्रभा

दुसऱ्याच्या शेवटी. आठवडाभर विचार करू द्या, उत्तर तिसऱ्याच्या सुरुवातीला. मुलांसाठी वचनं कन्नड बायबलमधूनही शेजारच्या रकान्यात छापा, वाचताना अडणार नाहीत. नुसते संदर्भ देऊ नका, पानं उलटण्यातच वेळ जातो.

रामतीर्थ

घेतो. सात पुरतील. मात्र प्रकटी २०:१-६ आधी पूर्ण वाचून घ्या, मधून तोडू नका.